अस्थिर कंकण आणि तत्त्वाभिनिवेशी वाचक : ‘रिंगवर्ल्ड’ कादंबरीमालेविषयीच्या वाचक-वादाची समीक्षा

प्रस्तावना

विज्ञानकथेच्या वाचकाविषयी साहित्यसमीक्षेत दोन टोकांची मते आढळतात. एका मतानुसार हा वाचक केवळ चमत्कृतीचा भुकेला असतो. यंत्रे, याने व परग्रह यांच्या वर्णनात तो रमतो आणि कलात्मक गुणांकडे त्याचे लक्ष नसते. दुसऱ्या मतानुसार तो नको तितका चिकित्सक असतो. कथेतील भावाशय बाजूला सारून तो आकडे तपासत बसतो. दोन्ही मतांमागे एक समान गृहीतक दडलेले आहे. ते असे की, कथेतील विज्ञानाची तपासणी करणे हे साहित्यबाह्य काम होय. हे गृहीतक कितपत ग्राह्य आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात अमेरिकन लेखक लॅरी निव्हन यांच्या ‘रिंगवर्ल्ड’ या कादंबरीमालेच्या आधारे केला आहे.

‘रिंगवर्ल्ड’ ही कादंबरी १९७० मध्ये प्रसिद्ध झाली. तिला नेब्युला आणि ह्यूगो हे विज्ञानसाहित्यातील दोन्ही मानाचे पुरस्कार लाभले. पुढे ‘द रिंगवर्ल्ड इंजिनिअर्स’, ‘द रिंगवर्ल्ड थ्रोन’ (१९९६) आणि ‘रिंगवर्ल्ड्स चिल्ड्रन’ (२००४) अशा कादंबऱ्यांनी ही माला विस्तारली. यातील दुसरी कादंबरी दशकभराच्या अंतराने आली, आणि तिच्या जन्मामागे वाचकांनी घेतलेले आक्षेप होते. ही गोष्ट लेखकाने त्या कादंबरीच्या प्रारंभी स्वतःच कबूल केली आहे. वाचकांच्या गणिती आक्षेपांतून कादंबरीचे कथानक आकारास यावे, हे वाङ्मयेतिहासात विरळाच घडते. म्हणूनच हे उदाहरण अभ्यासनीय ठरते.

कंकणाची रचना

फ्रीमन डायसन यांनी १९६० मध्ये एक कल्पना मांडली होती. एखादी अतिप्रगत संस्कृती आपल्या ताऱ्याची सर्व ऊर्जा वापरता यावी म्हणून त्याच्याभोवती कृत्रिम आवरण उभारील, असे तिचे स्वरूप होते. निव्हन यांनी या आवरणातील केवळ एक पट्टा कल्पिला. ताऱ्याला मध्यभागी ठेवून त्याच्याभोवती बसविलेले हे एक प्रचंड कंकण होय. त्याची त्रिज्या पृथ्वी-सूर्य अंतराएवढी, म्हणजे सुमारे १५ कोटी किलोमीटर आहे आणि रुंदी सुमारे १६ लाख किलोमीटर आहे. कंकणाच्या आतील पृष्ठभागावर समुद्र, पर्वत, अरण्ये आणि वस्ती आहे. हा पृष्ठभाग सुमारे ३० लाख पृथ्वींएवढा भरतो. कडांना उंच भिंती असल्याने हवा बाहेर सांडत नाही. ताऱ्याजवळ फिरणारे चौकोनी पडदे सावली पाडून दिवस-रात्र घडवितात.

कंकणावर गुरुत्वाकर्षणाचा आभास निर्माण होतो तो त्याच्या भ्रमणामुळे. पृथ्वीइतके वजन भासण्यासाठी या कंकणाला सेकंदाला सुमारे १२०० किलोमीटर वेगाने फिरावे लागेल, म्हणजे एक फेरी सुमारे ९ दिवसांत पूर्ण व्हावी लागेल. अशा वेगाने फिरणाऱ्या वस्तूवर येणारा ताण पोलादाच्या ताणसामर्थ्याच्या लक्षावधी पट असेल. त्यासाठी निव्हन यांनी ‘स्क्रिथ’ नावाचे काल्पनिक द्रव्य योजिले. दोनशेवा वाढदिवस साजरा करणारा लुई वू, नेसस हा भित्र्या पण धूर्त जमातीचा परग्रहवासी, मार्जारसदृश योद्धा आणि टीला ब्राउन ही तरुणी असे चौघे या कंकणाचा शोध घेण्यास निघतात. त्यांचे यान कोसळते आणि एका लयाला गेलेल्या संस्कृतीचे अवशेष पाहत ते परतीचा मार्ग शोधतात, असे पहिल्या कादंबरीचे ढोबळ कथासूत्र आहे.

आक्षेपांचे स्वरूप

या कादंबरीवर वाचकांनी घेतलेले आक्षेप तीन प्रकारांत मांडता येतात.

पहिला प्रकार अनवधानाच्या चुकीचा आहे. कादंबरीच्या आरंभी लुई वू आपला वाढदिवस लांबविण्यासाठी क्षणात स्थलांतर घडविणाऱ्या यंत्राने शहरामागून शहर ओलांडत जातो. मध्यरात्र टाळावयाची तर त्याने पश्चिमेकडे जावयास हवे. परंतु पहिल्या मुद्रणात तो पूर्वेकडे जातो. जणू पृथ्वी उलट दिशेने फिरत होती! वाचकांनी ही चूक तत्काळ दाखवून दिली आणि नंतरच्या मुद्रणांत ती दुरुस्त झाली. चुकीसह छापलेल्या प्रती आज संग्राहकांना मोलाच्या वाटतात.

दुसरा प्रकार अपुऱ्या विचाराचा आहे. फ्लोरिडातील एका शाळेच्या वर्गाने हिशेब मांडला की, काही हजार वर्षांत कंकणावरील सर्व सुपीक माती वाहून समुद्राच्या तळाशी जाईल. पृथ्वीवर नद्या गाळ वाहून नेतात, परंतु भूकवचाच्या हालचालींमुळे नवे पर्वत वर येतात आणि हे चक्र सुरू राहते. कंकणाला भूकवच नाही. आहे ती केवळ स्क्रिथची थाळी. तेथे समुद्रात गेलेली माती परत कशी येणार? शाळकरी मुलांचा हा प्रश्न वरकरणी साधा असला तरी तो कंकणावरील सबंध जीवसृष्टीच्या भवितव्याचा प्रश्न आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत मूलगामी होता. १९७१ मध्ये बोस्टन येथे जागतिक विज्ञानकथा संमेलन भरले असता मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेच्या विद्यार्थ्यांनी हॉटेलच्या मार्गिकांतून घोषणा दिल्या. रिंगवर्ल्ड अस्थिर आहे, असे त्या घोषणांचे म्हणणे होते. ग्रह आपल्या ताऱ्याभोवती कक्षेत फिरत असतो, म्हणून तो तेथे टिकून राहतो. अखंड, ताठर कंकण मात्र या अर्थाने कक्षेत नसतेच. ते नेमके मध्यावर असेल तोवर सर्व बाजूंचे आकर्षण एकमेकांना तोलून धरते. परंतु एखाद्या उल्केच्या धक्क्याने ते आपल्या प्रतलात किंचित सरकले की, ताऱ्याजवळ आलेल्या बाजूवरील ओढ वाढते आणि कंकण अधिकच त्या दिशेला सरकते. निव्हन यांनी दिलेली मापे घेतल्यास हे विचलन सुमारे दोन महिन्यांत दुप्पट होत जाते, असे साध्या गणिताने दिसते. याउलट, कंकण प्रतलाला लंब दिशेने हलले तर ते पुन्हा जागेवर येऊ पाहते. म्हणजे धोका एकाच प्रकारच्या हालचालीचा आहे, पण तो अटळ आहे.

येथे एक ऐतिहासिक बाब लक्षात घेण्याजोगी आहे. विद्यार्थ्यांनी उपस्थित केलेला प्रश्न मुळात नवा नव्हता. शनीची कडी अखंड व एकसंध घन असतील तर ती टिकणार नाहीत, हे लाप्लासने अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात दाखविले होते. जेम्स क्लर्क मॅक्सवेल यांनी १८५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्याचा सखोल विचार करून कडी असंख्य सुट्या कणांची असली पाहिजेत, असा निष्कर्ष काढला होता. म्हणजे हॉटेलात घोषणा देणाऱ्या तरुणांच्या हाती विज्ञानाच्या परंपरेतील एक जुनी, कसलेली युक्ती होती. डॅन आल्डरसन यांच्यासारख्या वाचकांनी पुढे या अस्थिरतेचे गणित अधिक तपशिलात नेले.

दोषांची प्रतवारी

अशा आक्षेपांना साहित्यशास्त्रात स्थान आहे काय? भारतीय काव्यशास्त्राने या प्रश्नाचा विचार फार पूर्वी केलेला दिसतो. भामहाने ‘काव्यालंकारा’त दोषांची चर्चा करताना देश, काल, कला, लोक, न्याय आणि आगम यांच्याशी विरोधी असलेले वर्णन दोषपूर्ण मानले आहे. म्हणजे शास्त्रविरोध हा काव्यदोष होऊ शकतो, ही जाणीव आपल्या परंपरेला परकी नाही. ॲरिस्टॉटलची भूमिका याहून थोडी वेगळी आहे. कलेच्या अंगभूत चुका आणि आनुषंगिक चुका असा भेद तो करतो. हरिणीला शिंगे नसतात हे चित्रकाराला ठाऊक नसणे हा लहान दोष; तिचे चित्रच ओळखू न येणे हा मोठा दोष, असे त्याचे प्रतिपादन आहे.

ही कसोटी ‘रिंगवर्ल्ड’ला लावली असता दोषांची प्रतवारी स्पष्ट होते. लुई वूच्या प्रवासाची चुकलेली दिशा ही हरिणीची शिंगे होत. एक शब्द बदलला की दोष नाहीसा होतो. पात्र, प्रसंग, आशय यांना धक्का लागत नाही. कंकणाच्या अस्थिरतेचे तसे नाही. कंकण हेच या कादंबरीचे खरे नायकत्व भूषविते. पहिल्या कादंबरीतील विस्मय त्याच्या भव्यतेतून आणि टिकाऊपणातून येतो. निर्माते नाहीसे झाले, संस्कृती लयाला गेली, तरी त्यांची कृती उभी आहे, हा कादंबरीचा मध्यवर्ती भाव आहे. कंकण जर काही वर्षांतच ताऱ्यावर आदळणार असेल, तर हा भावच निराधार ठरतो. येथे वैज्ञानिक दोष आणि कलात्मक दोष एकच होतात. ॲरिस्टॉटलने वेगळ्या काढलेल्या दोन चुका या वाङ्मयप्रकारात कधी कधी एकमेकींत मिसळतात, असे म्हणावे लागते.

याच ठिकाणी एक शंका घेतली जाणे स्वाभाविक आहे. वाचकांनी स्क्रिथसारखे अशक्यप्राय द्रव्य निमूटपणे स्वीकारले. प्रकाशाहून अधिक वेगाने जाणारी याने स्वीकारली. मग केवळ अस्थिरतेवरच रोष का? याचे उत्तर गृहीतक आणि निष्पत्ती यांतील भेदात आहे. स्क्रिथ हे लेखकाने उघडपणे मागितलेले गृहीतक आहे. असे द्रव्य आहे असे समजा, मग पुढे काय घडते ते पाहा, असा तो करार आहे. अस्थिरता ही मात्र त्याच गृहीतकांतून, वाचकाला ठाऊक असलेल्या गुरुत्वाकर्षणाच्या नियमाने निघणारी निष्पत्ती आहे. लेखकाने ती पाहिली नव्हती. विज्ञानकथेचा वाचक अशक्याला हरकत घेत नाही. तो विसंगतीला हरकत घेतो. आनंदवर्धनाने अनौचित्याला रसभंगाचे कारण मानले. विज्ञानकथेतील औचित्य हे गृहीतकाशी इमान राखण्यात असते, असे या वादावरून म्हणता येईल.

राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त भावकांचे अरोचकी, सतृणाभ्यवहारी, मत्सरी आणि तत्त्वाभिनिवेशी असे चार प्रकार सांगितले आहेत. ज्याला काहीच रुचत नाही तो अरोचकी, धान्यासोबत गवतही खाणारा तो सतृणाभ्यवहारी. तत्त्वाभिनिवेशी भावक, म्हणजे कृतीच्या तत्त्वात शिरून पारख करणारा, हा दुर्मीळ मानला आहे. लेखाच्या आरंभी नमूद केलेली दोन टोकाची मते विज्ञानकथेच्या वाचकाला अनुक्रमे सतृणाभ्यवहारी आणि अरोचकी ठरवितात. ‘रिंगवर्ल्ड’चा वाद या दोन्ही मतांना छेद देतो. आवडलेल्या कादंबरीचे गणित वर्षानुवर्षे करीत राहणारा वाचक तिचा द्वेष्टा नसतो. तिचे जग खरे मानल्यावाचून ते मोजण्याचे कष्ट कोणी घेत नाही.

ही वृत्ती या वाङ्मयप्रकारात रुजण्यास काही परिस्थिती कारण झाली. ह्यूगो गर्न्सबॅक यांनी १९२६ मध्ये सुरू केलेल्या ‘अमेझिंग स्टोरीज’ या मासिकापासून वाचकांच्या पत्रांना मानाचे स्थान मिळत गेले. हॅल क्लेमेंट यांनी १९५३ मध्ये ‘मिशन ऑफ ग्रॅव्हिटी’ ही कादंबरी क्रमशः प्रसिद्ध होत असतानाच एक लेख लिहून विज्ञानकथेला लेखक-वाचकांमधील खेळ म्हटले. लेखकाने सुसंगत जग रचावे आणि वाचकाने त्यातील त्रुटी शोधावी, असा तो खेळ. विषुववृत्तावर पृथ्वीच्या तिप्पट आणि ध्रुवांवर सुमारे ७०० पट गुरुत्वाकर्षण असलेला त्यांचा मेस्क्लिन हा ग्रह पुढे वाचकांच्या तपासणीतून गेला, आणि ध्रुवांवरील आकडा बराच कमी हवा होता हे क्लेमेंट यांनी मान्यही केले. निव्हन यांचे वाचक याच परंपरेतील होत.

आक्षेपातून कथानकाकडे

पहिली कादंबरी लिहिताना तिचा पुढील भाग लिहिण्याचा निव्हन यांचा मानस नव्हता. वाचकांच्या पत्रव्यवहाराने तो निर्माण झाला. ‘द रिंगवर्ल्ड इंजिनिअर्स’मध्ये त्यांनी आक्षेपांना दोन मार्गांनी उत्तर दिले आहे.

मातीच्या प्रश्नाचे उत्तर तांत्रिक आहे. समुद्रतळाशी साचणारा गाळ नळांतून कडेच्या भिंतींवर चढविला जातो आणि तेथून खाली सांडतो. त्यातून भिंतींच्या पायथ्याशी पर्वत उभे राहतात. शाळकरी मुलांच्या हिशेबातून एक नवा भूप्रदेशच कादंबरीला लाभला. हे उत्तर सुबक आहे, परंतु ते डागडुजीच्या पातळीवर राहते.

अस्थिरतेचे उत्तर मात्र कथानकाच्या केंद्रस्थानी येते. कंकणाला जागेवर ठेवण्यासाठी निर्मात्यांनी भिंतींवर प्रचंड इंजिने बसविली होती, असे आता कळते. परंतु कंकणावरील एका जमातीने ती इंजिने काढून आपल्या अंतराळयानांना जोडली. परिणामी कंकण मध्यापासून ढळले असून त्याचा विनाश जवळ आला आहे. लेखकाचे अज्ञान येथे पात्रांच्या अपराधात रूपांतरित झाले आहे. जी गोष्ट लेखकाने पाहिली नव्हती, ती आता कंकणवासीयांनी पाहिली नाही असे झाले. पूर्वजांनी ज्या यंत्रणेच्या आधारे जग तोलून धरले, तिचा उपयोग न कळल्यामुळे वारसांनी ती मोडून खाल्ली, ही कल्पना पर्यावरणीय संकटाच्या आजच्या वाचकाला निश्चितच अस्वस्थ करणारी आहे.

याहून गंभीर बाब पुढे येते. कंकण वाचविण्याचा एकच उपाय उरतो. ताऱ्यावरून उसळविलेल्या ज्वाळेतून उरलेल्या इंजिनांना इंधन पुरवायचे. परंतु त्या प्रारणाने कंकणावरील सुमारे ५ टक्के लोक मरणार. कंकणाची लोकसंख्या ३० लाख कोटी मानलेली असल्याने ५ टक्के म्हणजे दीड लाख कोटी जीव होत. सर्वांना वाचविण्यासाठी काहींना मारावे काय, हा नीतिशास्त्रातील जुना प्रश्न येथे लुई वूसमोर उभा राहतो. टीला ब्राउन आता संरक्षकाच्या रूपात परिवर्तित झालेली आहे. आपल्यांचे रक्षण करणे हा तिचा देहधर्म बनला असल्याने ती हे कृत्य करू शकत नाही. ते इतरांनी करावे म्हणून ती स्वतःचा मृत्यू घडवून आणते. पहिल्या कादंबरीत जन्मजात सुदैवाची मानकरी असलेली ही तरुणी दुसऱ्या कादंबरीत शोकात्म पात्र होते.

ही सर्व शृंखला मागे नेली तर ती एका घोषणेपाशी पोचते. गुरुत्वाकर्षणाच्या समीकरणातून एक धोका निघाला, धोक्यातून एक अपराध आणि अपराधातून एक नैतिक पेच. वैज्ञानिक आक्षेप साहित्यबाह्य असतो, हे मत या उदाहरणापुढे टिकत नाही.

वादाच्या मर्यादा

तथापि या वाचक-वादाचे गुणगान करताना त्याच्या मर्यादांकडे डोळेझाक करणे योग्य होणार नाही. जे मोजता येते तेवढेच या वादाने प्रामुख्याने मोजले. टीला ब्राउनच्या सुदैवाची कल्पना पाहा. पिढ्यान्‌पिढ्या सोडतीत जिंकलेल्यांच्या पोटी जन्मल्यामुळे सुदैव आनुवंशिक झाले, असे कादंबरी सांगते. जीवशास्त्राच्या दृष्टीने ही कल्पना स्क्रिथहून ठिसूळ आहे. मात्र तिच्या मुळाशी असलेला प्रश्न गणिताचा नाही. जिला कधी इजाच झाली नाही ती व्यक्ती दुसऱ्याचे दुःख ओळखू शकेल काय, हा तो प्रश्न होय. त्याचप्रमाणे पहिल्या कादंबरीतील स्त्रीपात्रे बहुतांशी नायकाच्या सहवासापुरती वावरतात, हा दोषही कोणत्याही समीकरणात पकडता येत नाही.

दुसरी मर्यादा खुद्द उत्तरकादंबरीत दिसते. आक्षेपांना उत्तर देण्याच्या जबाबदारीमुळे तिच्यातील काही पृष्ठे खुलाशाच्या स्वरूपाची झाली आहेत. पहिल्या कादंबरीतील अज्ञाताचा विस्मय तीत ओसरतो. शिवाय दीड लाख कोटी मृत्यूंचा पेच उभा करूनही ती मरणाऱ्यांना प्रामुख्याने टक्केवारीच्या रूपातच दाखविते. गणिताने कादंबरीला नैतिक प्रश्न दिला. त्या प्रश्नाला चेहरा देण्याचे काम मात्र गणित करू शकत नव्हते. ते लेखकाचे काम होते आणि ते अर्धेच झाले. तत्त्वाभिनिवेशी वाचकाने याही त्रुटीवर बोट ठेवावयास हवे होते.

मराठी विज्ञानकथेच्या संदर्भात

या चर्चेचा मराठीशी संबंध समीक्षापद्धतीच्या अंगाने येतो. जयंत नारळीकर यांनी मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी ‘कृष्णविवर’ ही कथा १९७४ मध्ये नारायण विनायक जगताप या टोपणनावाने पाठविली आणि तिला पारितोषिक मिळाले. शास्त्रज्ञाच्या नावाचे वलय बाजूला ठेवून कथेची पारख व्हावी, ही त्यामागील दृष्टी लक्षणीय आहे. नारळीकरांसह बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर, निरंजन घाटे यांनी मराठी विज्ञानकथा समृद्ध केली. परंतु तिची चर्चा बहुधा दोन स्वतंत्र खणांत विभागलेली दिसते. एका खणात विज्ञानप्रसाराचे कौतुक, तर दुसऱ्यात कलात्मकतेची तक्रार. कथेतील गृहीतक कोणते, त्यातून निघणाऱ्या निष्पत्ती लेखकाने कितपत पाहिल्या आणि न पाहिलेल्या निष्पत्तींमुळे आशयाला कोठे तडा गेला, असे प्रश्न विचारणारी समीक्षा या दोन खणांना जोडू शकेल. महाविद्यालयात मराठी आणि भौतिकशास्त्र हे दोन विभाग एकाच इमारतीत असतात. एखादी विज्ञानकथा दोन्ही विभागांच्या विद्यार्थ्यांनी एकत्र वाचावी, यासाठी कोणत्याही विशेष अनुदानाची गरज नाही.

समारोप

‘रिंगवर्ल्ड’विषयीच्या वादाच्या विवेचनातून पुढील बाबी स्पष्ट होतात. विज्ञानकथेतील सर्व वैज्ञानिक चुका सारख्या नसतात; जी चूक कृतीच्या मध्यवर्ती भावाला बाधा आणते तीच वाङ्मयीन दोष ठरते. वाचक गृहीतकाला सूट देतो, विसंगतीला देत नाही. वाचकाचा नेमका आक्षेप लेखकाने गांभीर्याने घेतल्यास त्यातून नवी नैतिक आशयसूत्रे निर्माण होऊ शकतात. मात्र मोजमापाची ही समीक्षा पात्रांच्या माणूसपणाच्या तपासणीला पर्याय ठरत नाही. लेखकाने रचलेले जग खरे मानून त्यात राहावयास गेलेल्या वाचकांनी घराचा पाया हलतो आहे असे सांगितले आणि लेखकाने ते ऐकले. त्या पायाखाली कोण चिरडले जाईल, हे विचारणे हीदेखील वाचकाचीच जबाबदारी आहे.